बोकडाचा वास

सूड उगवायला मला तेरा वर्षं लागली, आणि बकरीच्या चीजच्या बरणीतलं चार चमचे पाणी. चीज मी अबू हलीफाच्या जमियातून, म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी दुकानातून, एका गुरुवारी दुपारी आणलं. चीजचे गोळे बायकोनं पराठ्यात घातले. बरणीतलं खारट पाणी मी एका लहान बाटलीत गाळून घेतलं, फ्रीजमध्ये औषधांच्या मागे ठेवलं आणि तिला बजावलं, की याला हात लावायचा नाही.

मी मनात ठेवणारा माणूस आहे. सोडून द्या, मोकळे व्हा, असं सांगणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांचं काही गेलेलं नसतं. माझी जीभ गेली होती. म्हणजे तोंडातली जीभ जागेवर होती, भात-आमटी तिला कळत होती, पण तिच्या जोरावर माझं जे पोट चालायचं आणि चार माणसांत जो मान असायचा, ते सगळं एका कागदावर एका वाक्यात संपवलं गेलं होतं. तो कागद लिहिणाऱ्या माणसावर मी डूख धरून होतो, आणि तो माणूस यंदा स्वतःच्या पायानं कुवेतला आला.

इथं बिअर नाही. नाही म्हणजे मुळीच नाही, कायद्यानंच नाही. दुकानात हिरव्या बाटल्यांतून मिळतं ते बिनदारूचं माल्टचं पेय, लहान मुलंसुद्धा पितात. मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे आहे आणि थंड करायच्या पाण्याचे नमुने तपासतो. क्षार किती, गाळ किती, गंज धरेल का. माझ्या मुलीनं शाळेत वडिलांविषयी निबंध लिहिला होता, तो चार ओळींचा झाला, कारण पाण्याविषयी अजून काय लिहिणार. त्याआधी मी कोण होतो हे तिला ठाऊक नव्हतं. मी मराठवाड्यातल्या एका बिअरच्या कारखान्यात चाखणारा होतो. कारखान्यातल्या पाच-सहा जणांच्या पॅनेलवर सगळ्यात लहान मी, आणि सगळ्यात पक्की जीभ माझी. हे मी म्हणत नाही, त्या वेळी सगळेच म्हणायचे.

म्हणूनच साहेबांनी मला जर्मनीला बरोबर नेलं. साहेब म्हणजे कारखान्यातले बिअर बनवण्याच्या खात्याचे प्रमुख. पुण्याचे, बोलायला गोड, टाय कधी सैल नाही. कारखान्याला हिवाळ्यासाठी एक तगडी बिअर काढायची होती आणि जर्मन लोक ती कशी करतात ते शिकायला आम्ही दोघं सहा आठवडे बव्हेरियात राहिलो.

तिथं पहिल्याच दिवशी मी माझं हसं करून घेतलं. ज्या म्हाताऱ्या कारागिरापाशी आम्ही शिकत होतो, त्यानं बाटली पुढे ठेवली आणि लेबलवरच्या शिंगवाल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "बॉक." मी चित्र पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "बोकड!" म्हाताऱ्यानं टाळीच वाजवली. जर्मन भाषेत बॉक म्हणजे खरोखरच बोकड. मूळ बिअर उत्तरेच्या आइनबेक गावची. ती दक्षिणेत आली तेव्हा तिथल्या लोकांच्या तोंडी गावाचं नाव 'आइन बॉक' असं झालं, म्हणजे 'एक बोकड', आणि मग बाटलीवर बोकड चढला. दुभाषीण हे सांगत होती तेव्हा मला फार आनंद झाला होता. परक्या देशात पहिल्याच दिवशी एक शब्द घरचा निघाला होता. साहेब मात्र माझ्याकडे बघून हसले आणि ते हसणं त्यांनी जपून भारतात आणलं.

मी वहीत मथळेच तसे केले. साधा बोकड, मे महिन्याचा बोकड, दुहेरी बोकड, गोठवलेला बोकड. चारही लागर जातीच्या, म्हणजे यीस्ट थंडीत तळाशी बसून हळूहळू काम करतं आणि मग बिअर कित्येक आठवडे गारठ्यात मुरत ठेवतात. चारही तगड्या. पण चौघांचा स्वभाव निराळा, आणि तो स्वभाव शब्दांत पकडायचं काम माझं होतं. साहेब चाखून "एक्सलंट" म्हणायचे आणि पुढच्या ग्लासाकडे वळायचे. मी एकेका ग्लासाला अर्धा तास बसायचो.

इंग्रजीत चव लिहायला मला जमत नव्हतं. त्यांच्या पुस्तकात टोस्ट, कॅरमेल, मनुका असले शब्द होते. मी टोस्ट खात नव्हतो. मी ज्वारीच्या घरचा. शेवटी एके दिवशी वैतागून मराठीत लिहिलं. साध्या बॉकपुढे लिहिलं: 'तव्यावर एक क्षण जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा.' माझी आई तव्यावरून भाकरी काढताना माझ्याशी बोलत बसायची आणि तो एक क्षण नेहमी जास्तच जायचा, ते जसंच्या तसं त्या ग्लासात होतं. मे महिन्याचा बॉक रंगानं उजळ, अंगानं हलका वाटणारा, पण हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा सगळ्यांत जास्त. त्याच्यापुढे लिहिलं: 'हुरड्याचं कणीस तळहातावर चोळावं तसा गोडवा, आणि मागून कडुलिंबाची काडी.' दुहेरी बॉक, त्यांचा डॉपेलबॉक, काळपट आणि दाट. जुन्या काळी मठातले साधू उपासाला तो प्यायचे, त्याला पातळ भाकरीच समजायचे, असं आम्हाला सांगितलं. मी लिहिलं: 'गुऱ्हाळात काकवीच्या कढईशेजारी उभं राहून खाल्लेली भाकरी. एक ग्लास, की जेवण झालं.' शेवटचा आइसबॉक. दुहेरी बॉक गोठवतात, त्यातलं पाणी बर्फ होऊन बसतं, बर्फ काढून टाकला की उरतो तो अर्क. 'काकवीत मुरलेलं अंजीर. घोट घ्यायचा नाही, चाटायचं.'

ही चार वाक्यं मी त्याआधी किंवा त्यानंतर लिहिलेल्या कशापेक्षाही चांगली होती. परत आल्यावर अहवाल करायचा म्हणून साहेबांनी वही मागून घेतली. ती परत आली नाही.

परत आला तो बोकड. साहेबांनी कँटीनमध्ये त्या पहिल्या दिवसाची गोष्ट नकलेसह सांगितली आणि आठवड्याभरात मी अख्ख्या कारखान्याचा बोकड झालो. पॅकिंगची पोरं मी दिसलो की म्यॅं करायची. मी पण हसायचो. तेव्हा मला वाटायचं, की हसलं की थट्टा बोथट होते.

मग आमची ती हिवाळी बिअर टाकीत मुरायला पडली. मुरून झाल्यावर तळाला बसलेलं यीस्ट वेळेवर काढावं लागतं. राहिलं तर ते मरतं, कुजतं आणि बिअरला एक वास देतं. पुस्तकातही त्या वासाचं नाव 'बोकडासारखा' असंच आहे, कारण जे आम्ल बकरीच्या दुधात आणि बोकडाच्या अंगाला असतं तेच त्यात उतरतं. साहेब त्या महिन्यात मुलीच्या लग्नात होते. टाकी तशीच राहिली. ते परत आले तेव्हा आम्ही चाखायला बसलो आणि मी ग्लास नाकाशी नेला मात्र, मला आमच्या गल्लीतलं खाटकाचं अंगण आठवलं. माझ्या कागदावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बोकडाचा वास.' बाकीच्यांनी साहेबांच्या तोंडाकडे बघून 'ठीक' लिहिलं.

आमचे कागद मराठीत, हेड ऑफिसला जाणारा तक्ता इंग्रजीत, आणि तो साहेब करायचे. माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'टिपिकल बॉक अरोमा.' बॉकला साजेसा सुगंध!

माल बाजारात गेला आणि परत आला. दुकानदारांनी तोंडावर आपटला म्हणा ना. चौकशी बसली. मुंबईहून आलेल्या दोघांपुढे मी सांगितलं, की मी बोकडाचा वास लिहिला होता, कागद काढा. साहेबांनी कागद स्वतःच काढून दिला आणि शांतपणे म्हणाले, "याच्या भाषेत बोकड म्हणजे बॉकच. कँटीनला विचारा हवं तर." त्यांनी खरोखर कँटीनवाल्याला बोलावलं. त्यानं खरं तेच सांगितलं, की हो, हे बॉकला बोकडच म्हणतात. मुंबईचे दोघंही हसले. मी बोलायला गेलो तर बोबडी वळली. चौकशीच्या कागदावर शेवटी साहेबांच्या हातचं वाक्य होतं: 'याच्या जिभेवर विसंबता येत नाही.'

पॅनेलवरून मला काढलं आणि बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासायला बसवलं. पाण्याचं काम हाताशी आलं म्हणून कुवेतचं जमलं. मुलगी तेव्हा रांगत होती. आता ती चौदाची आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, आणि भाकरी खाते ती आईनं डोळे वटारले तर.

तेरा वर्षं मी साहेबांना मनातल्या मनात किती प्रकारे धूळ चारली, ते सांगत बसत नाही. मीना अब्दुल्लाला जाणाऱ्या बसमध्ये बसलो की रोज एक प्रकार. चांगला वेळ जायचा.

तर यंदा फेब्रुवारीत आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटावर एका तरुणानं लेख टाकला. तो शर्कमध्ये एका ऑफिसात आहे, मंगफला राहतो, भला मुलगा. 'बाबा भेटीला आले आहेत. त्यांनी आयुष्यभर बिअर बनवली. वाचा, इथं मिळत नाही तर निदान वाचून तरी घ्या', असं वर लिहिलेलं आणि खाली लेख: जर्मनीच्या तगड्या लागर बिअर, एक तुलना. मी फोन डोळ्यांजवळ नेला. 'तव्यावर एक क्षण जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा.' पुढे कणीस. पुढे गुऱ्हाळ. पुढे अंजीर.

माझी चारही वाक्यं, स्वल्पविरामासकट. ज्या माणसाच्या घरी ज्वारी शिरली नसेल, तो माणूस गुऱ्हाळाशेजारी उभं राहून भाकरी खात होता. पाचवा प्रकार साहेबांनी पदरचा घातला होता, गव्हाचा वाइत्सनबॉक. तो लागरच नाही. त्याचं यीस्ट उबेत, वरच्या अंगाला काम करतं. लेखात तेवढं एक त्यांचं स्वतःचं होतं आणि तेवढंच चुकलं होतं. खाली लोकांनी टाळ्यांचे हात टाकले होते. 'काय भाषा आहे सरांची!'

मीही टाळ्यांचे हात टाकले. मग आत जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिला ती वाक्यं ठाऊक होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मी ती तिला कितीदा तरी म्हणून दाखवली होती. ती म्हणाली, "मग तिथंच लिवा की, ही माजी हायेत म्हणून. सरळ."

"पुरावा काय? वही त्यांच्याकडं."

"म्हणून काय करताव?"

"जेवायला बोलावतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कणीक मळायला घेतली. "उगी काही वाकडं करू नका. पोरगी घरात आसंल."

पण पोरगी घरात असणं हाच तर माझा मुद्दा होता. माझी जीभ खरी होती आणि आहे, हे चारचौघांत ठरावं आणि ते तिनं डोळ्यांनी पाहावं, एवढंच मला हवं होतं. पाण्याच्या चार ओळींच्या जागी तिच्या बापाला दुसरी काही ओळ मिळावी.

शुक्रवारी दुपारी सोळा-सतरा माणसं आमच्या दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसली. खिडकीतून समुद्र दिसतो, त्या खिडकीजवळची चांगली खुर्ची साहेबांना दिली. म्हातारे झाले होते, टाय मात्र तसाच. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, मग म्हणाले, "अरे, तू इथं! काय योगायोग!" आणि लोकांना, "आमच्या हाताखाली होता हा." मी वाकून नमस्कार केला. चांगला खाली वाकलो.

जेवणं उरकल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, "इथं बॉक मिळत नाही, तर मी दुकानातल्या माल्टच्या पेयात खजुराचा पाक, भाजलेला पाव, थोडं असंतसं घालून चार नमुने बनवलेत. बिनदारूचे, सगळ्यांना चालतील. पण कुठला कशासारखा ते साहेबच ओळखतील." रंग दिसू नये म्हणून मी स्टीलचे पेले घेतले होते, वर एक ते चार आकडे. आमच्या पेशात आंधळी परीक्षा अशीच होते, रंग झाकून. लोक सरसावून बसले. मुलगी हातात ट्रे घेऊन माझ्या शेजारी उभी होती.

चारही पेल्यांत एकाच काचेच्या जगमधलं एकच पेय होतं, आणि त्यात चीजचं चार चमचे पाणी.

एक सांगतो, म्हणजे मी अगदीच नीच ठरणार नाही. वाट मी मोकळी ठेवली होती. साहेबांनी पहिला पेला नाकाशी नेऊन नुसतं म्हटलं असतं, की याला बोकडाचा वास येतोय, तर मी हरलो असतो आणि त्यांचे पाय धरले असते. त्यांनी पेला नाकाशी नेला. भुवई हलली. मी दोन हातांवर उभा होतो, मला दिसलं. त्यांना वास आला होता! मग त्यांनी समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं, घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा साधा बॉक. तव्यावर एक क्षण जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा."

लोक "वा" म्हणाले.

दुसरा पेला. "हा उजळ, मे महिन्याचा. हुरड्याचं कणीस तळहातावर चोळावं तसा गोडवा. आणि मागून, बघा हं, कडुलिंबाची काडी." तिसऱ्याला गुऱ्हाळ आलं. चौथ्याला नुसती जीभ लावून त्यांनी ओठ चाटले, "काकवीत मुरलेलं अंजीर. घोट घ्यायचा नाही, चाटायचं." टाळ्या झाल्या. साहेबांचा मुलगा अभिमानानं फोनवर चित्रण करत होता.

"आता सगळ्यांनी चाखून बघा," मी म्हणालो आणि आतून काचेचा मोठा जग आणला. सगळ्यांसमोर कागदी कप भरायला लागलो.

कुणीतरी विचारलं, "यातला कुठला नंबर?"

"चारही."

"म्हणजे?"

"म्हणजे एकच जग आहे. चारही पेले यातूनच भरले."

लोकांनी कप उचलले. आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक चाचा राहतात, शर्कच्या मासळी बाजारात त्यांचा गाळा आहे. तीस वर्षं मासा ताजा की शिळा हे नाकावर ठरवणारा माणूस. त्यांनी कप नाकाशी नेला, लांब धरला, परत नेला आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, ह्याला तं बोकडाचो वास येतंय! तुमाला कोनाला येत नाय?"

देवाशपथ सांगतो, मी त्यांना काहीही पढवलं नव्हतं.

मग एकेकाला यायला लागला. "हो रे, बोकडाचाच!" "शी, खरंच बोकड!" सोळा तोंडांतून तोच शब्द, जो मी तेरा वर्षांपूर्वी स्वच्छ अक्षरात लिहिला होता. मी साहेबांकडे बघत होतो आणि त्यांना कळलं होतं. त्या खोलीत दोघांनाच कळत होतं, मला आणि त्यांना. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी त्या क्षणी थांबायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. पण ते माझ्या हातात राहिलं नाही, कारण लोक हसायला लागले.

आणि हसू कशाला लागले? वाक्यांना.

"अंजीर म्हणे! बोकडाचं अंजीर!" "काकवीत मुरलेला बोकड!" एकानं कागदी कप तळहातावर चोळत "कणीस, कणीस" केलं. कुणी भाकरीचा पापुद्रा सोलायची नक्कल करून नाक धरलं. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि माझी मुलगी, जिला मराठीतला एक विनोद कधी समजत नाही, ती ट्रे टेबलावर टाकून पोट धरून हसत होती. "कडुलिंबाची काडी! ओ माय गॉड, कडुलिंबाची काडी!"

साहेब उभे राहिले. आवाज चढवून म्हणाले, "ही वाक्यं माझी नाहीतच! याची आहेत. याच्या वहीतली आहेत!" आणि बोट माझ्याकडे.

तेरा वर्षं मी बसमध्ये बसून हेच ऐकत होतो. याच शब्दांत, एवढ्याच मोठ्या आवाजात, चारचौघांत. आणि ते बोलले तेव्हा खोली पहिल्यापेक्षा जोरात हसली. आता यजमानांवर ढकलतायत! "कुठंय वही?" एकानं विचारलं. साहेब म्हणाले, "घर बदललं तेव्हा रद्दीत गेली," आणि मग तर हसण्याला धरबंधच राहिला नाही.

साहेबांचा मुलगा तेवढा हसत नव्हता. फोन खाली करून, कानापर्यंत लाल होऊन तो माझ्याजवळ आला. "काका, खरंच तुमची आहेत का हो ती वाक्यं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगीही, डोळे पुसत. हो म्हणालो असतो, तर त्या हसण्यात माझा वाटा मला मिळाला असता. आणि साहेब अर्धे सुटले असते. मला ते पुरते आडवे झालेले हवे होते.

"छे," मी म्हणालो. "मला कुठलं असलं सुचायला. मी पाण्याचा माणूस."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टाय सैल केला, पहिल्यांदाच पाहिलं मी ते, आणि मुलाला म्हणाले, "चल." लिफ्टपर्यंत मी पोचवायला गेलो. रीत म्हणून नाही, बघायला मिळावं म्हणून गेलो. लिफ्ट येईपर्यंत ते दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

स्वयंपाकघरात बायको भांडी घासत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "त्यातलं पयलं वाक्य तुमच्या आईच्या भाकरीचं होतं." मी म्हणालो, की मला ठाऊक आहे. "ठाऊक आसून नाही म्हणलाव," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

मला पश्चात्ताप झाला असं कुणी समजू नये. पुढचे आठ-दहा दिवस मी शीळ घालत कामावर गेलो. मुलानं लेख गटावरून काढून टाकला. साहेब महिना राहणार होते ते पंधरवड्यात परत गेले, आणि गटावर त्यांना लोक काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. माझंच जुनं नाव त्यांना बसलं आहे. कुणी बोकडाचं चित्र टाकलं की मी आजही पहिला अंगठा दाखवतो. ज्यानं मला ते नाव दिलं त्याला ते जन्मभर पुरो.

फक्त वाक्यं काही जाईनात. आमच्या लोकांत ती म्हणायची पद्धतच पडली. कुणाचा चहा उकळून कडू झाला की 'मागून कडुलिंबाची काडी'. जमियाच्या रांगेत, लिफ्टमध्ये, मुलांच्या वाढदिवसाला. दर वेळी हशा. मीही हसतो. हे मला आधीपासून जमतं.

परवा शनिवारी दुपारी बायकोनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणलेलं पीठ, फार चांगलं नसतं, पण त्या दिवशी भाकरी टम्म फुगली आणि ती मुलीशी बोलत असल्यामुळे तव्यावर एक क्षण जास्त राहिली. मुलीनं ती ताटात घेतली, दोन बोटांनी पापुद्रा उचलला, साहेबांसारखे डोळे मिटले आणि त्यांच्याच पुणेरी आवाजात सुरू झाली, "तव्यावर एक क्षण जास्त राहिलेल्या..." मग थांबली. पापुद्रा परत नाकाशी नेला. "वेट. इट ॲक्चुअली स्मेल्स लाइक समथिंग. ही वॉज नॉट टोटली राँग, बाबा."

"ते वाक्य माझं आहे," मी म्हणालो.

ती हसली. प्रेमानंच हसली. "शुअर, बाबा."

"खरंच माझं आहे. चारही माझी आहेत. मी जर्मनीत लिहिली होती. तुझ्या आईला विचार."

तिनं आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. बायकोनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय म्हाईत. मानसं समोर बसली होती, तवा तर नाही म्हणले."